शनिवारी दुपारी चार वाजता: एका केअर होममधल्या जुन्या कुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशरचं, हॅलिफॅक्सपासून बसने अर्ध्या तासावरच्या एका केअर होममधलं. मी तिथे उपक्रम समन्वयक आहे. म्हणजे गाणी, बिंगो, विणकाम, कुंडीत बिया लावणं असं काहीबाही काढून राहणाऱ्या मंडळींचा दिवस रिकामा जाऊ न देणं हे माझं काम. कुणाचीच नावं देत नाही. त्यांनी आयुष्यभर केलेल्या कामावरूनच त्यांना ओळखू या.

मेकॅनिक आजोबा ८४ वर्षांचे. बस डेपोत इंजिनं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेलेली, आता स्मृतिभ्रंश. गिरणीवाल्या आजी ९१ च्या. लोकरीच्या गिरणीत साच्यांच्या आवाजात आयुष्य गेलं, त्यामुळे ऐकायला कमी आणि बोलणं खणखणीत. तिसरे बाबाजी, मूळचे जालंधरकडचे. १९६१ साली ब्रॅडफर्डला आले आणि लोकर विंचरायच्या गिरणीत रात्रपाळीला लागले. ते माझ्याशी हिंदीत बोलत. इतरांशी फारसं बोलतच नसत.

आता टीव्हीबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीवर १९५५ च्या नोव्हेंबरपासून व्यावसायिक कुस्ती दिसू लागली. १९६५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ हा शनिवार दुपारचा लांबलचक कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात कुस्तीला चारची वेळ मिळाली. फुटबॉलचे मध्यंतराचे गोलफलक संपले की कुस्ती, आणि कुस्ती संपली की फुटबॉलचे अंतिम निकाल. पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या असत. दोनदा चितपट करा, दोनदा शरण आणा किंवा एकदाच असा पाडा की दहा अंक मोजेपर्यंत समोरचा उठणार नाही. नियम मोडला की ‘पब्लिक वॉर्निंग’. दोन झाल्या आणि तिसरी वेळ आली की गडी बाद. सगळ्यावर आवाज एकाच माणसाचा, केंट वॉल्टन यांचा. ‘ग्रीटिंग्ज, ग्रॅपल फॅन्स’ म्हणत ते सुरुवात करत. १९५५ पासून १९८८ मध्ये प्रसारण बंद होईपर्यंत माइक त्यांच्याच हातात होता.

आपल्याकडे या प्रकाराला ‘फ्रीस्टाइल’ म्हणत, आणि विधानसभेत खुर्च्या उडाल्या की वर्तमानपत्रं आजही तोच शब्द वापरतात. माझे आजोबा कोल्हापूरकडचे, पोटासाठी लालबागच्या गिरणीत आलेले. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग यांचे सामने लागत, तेव्हा ते पदरचं तिकीट काढून जात आणि घरी येऊन शिव्या घालत. “ही कसली कुस्ती? नुरा आहे सगळी.” खासबागेत बसून निकाली कुस्त्या पाहिलेला माणूस तो, त्याला दोरखंडावरून उड्या मारणारे पैलवान पटणार कसे? त्यांचा तो शब्द, नुरा म्हणजे आधीच ठरलेली कुस्ती, माझ्या कानात घट्ट बसला होता. हे आधीच कबूल करते, कारण पुढची एक चूक त्यातूनच झाली.

अडचण

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली गोष्ट. दर शनिवारी पावणेचारच्या सुमारास मेकॅनिक आजोबा खुर्चीतून उठायचे. मनगटावर, जिथे आता घड्याळ नव्हतं, तिथे दोन बोटं आपटायचे आणि “चार वाजतील, चार वाजतील” म्हणत दाराकडे निघायचे. दिवाणखान्यातला टीव्ही दिसला की त्याच्या काठावरून बोटं फिरवत बटण शोधायचे. नव्या टीव्हीला समोर बटण कुठे? मग चिडायचे. एकदा त्यांनी चहाची ट्रॉली ढकलून दिली. एकदा एका परिचारिकेचं मनगट असं पकडलं की वळ उठला.

संध्याकाळ होत आली की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घालमेल वाढते, ही या कामात रोजची गोष्ट. त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही. आम्ही आमचा अर्थ लावला: बस डेपोतला माणूस, चारची पाळी, त्यांना कामावर जायचंय. हा अर्थ इतका नीट बसत होता की तो चुकीचा असेल असं मनात आलं नाही.

आमच्या बागेत एक खोटा बस स्टॉप आहे. बाक, खांब, त्यावर जुन्या धाटणीची पाटी. अनेक केअर होममध्ये असतो. घरी जायचं म्हणून हट्ट धरणाऱ्याला तिथे बसवायचं, थोड्या वेळाने तो विसरतो. आम्ही आजोबांना कोट घालून तीन शनिवार तिथे बसवलं, डिसेंबरच्या थंडीत. ते विसरले तर नाहीतच, आणखी भडकले. तिसऱ्या शनिवारी माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाले, “इथून कुठलीच बस जात नाही.” बरोबर होतं. मार्गांचे नंबर त्यांना अजून पाठ होते, आणि पाटीवरचा नंबर त्या रस्त्याचा नव्हता.

उलगडा अपघातानेच झाला. त्यांची मुलगी एरवी रविवारी यायची, ती एकदा शनिवारी आली. वडील मनगट ठोकताना तिने पाहिले आणि खो-खो हसली. “अहो, ते कुस्ती शोधतायत! आमच्याकडे चार वाजता कुणाला बोलायची परवानगी नव्हती.”

मी फाइल काढून पाहिली. भरती करतानाच्या फॉर्मवर ‘आवडीनिवडी’च्या रकान्यात कुणीतरी एकच शब्द लिहिला होता: खेळ.

समोर असलेले पर्याय

व्यवस्थापिका, ज्येष्ठ परिचारिका आणि मी बसलो. पहिला पर्याय औषधाचा: डॉक्टरांना सांगून शनिवारपुरतं काही शांत करणारं सुरू करायचं. ज्येष्ठ परिचारिकेने तो तिथल्या तिथे उडवला आणि मला तिचं आजही कौतुक वाटतं. दुसरा, चार वाजता कुठलाही चालू खेळ लावायचा. फुटबॉल लावून पाहिलं होतं, आजोबा त्याकडे पाठ करून बसले.

तिसरा पर्याय आमच्या एका विशीतल्या मदतनिसाचा. त्याने उत्साहाने अमेरिकी कुस्ती लावली. फटाके, लेझर, किंचाळणारं संगीत, दर दोन सेकंदांनी बदलणारा कॅमेरा. दोन आजी रडायला लागल्या. मग त्याने आयटीव्हीनेच २०१८ मध्ये जुन्या नावाची आद्याक्षरं घेऊन काढलेली नवी मालिका शोधली. तीही चकचकीतच. आजोबांनी पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, “फेऱ्या कुठे आहेत?”

चौथा, जुन्याच कुस्त्यांची चित्रफीत. हा सगळ्यांना पटला, आणि इथेच आम्ही घाई केली.

पहिला प्रयोग

चित्रफीत निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी जे सगळ्यात प्रसिद्ध तेच उचललं: बिग डॅडी विरुद्ध जायंट हेस्टॅक्स, वेम्ब्ली, जून १९८१. बिग डॅडी म्हणजे शर्ली क्रॅबट्री, इथलेच, हॅलिफॅक्सचे. मला वाटलं, गावचा माणूस, आणखी काय हवं? पोटाने धडका देणारा अवाढव्य देह, अंगात चकाकता पोशाख, पोरं ‘ईझी, ईझी’ ओरडतायत.

ती कुस्ती तीन मिनिटंही टिकत नाही. दोन डोंगर एकमेकांवर आदळतात, एक दोरांवरून बाहेर पडतो, संपलं. मी पाऊण तासाचा कार्यक्रम आखला होता. चार वाजून चार मिनिटांनी माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

आजोबांचा चेहरा पडला. “ही कुस्ती नाही,” ते म्हणाले. नंतर वाचन केल्यावर कळलं की त्यांच्या पिढीच्या जाणत्या प्रेक्षकांची ही जुनीच तक्रार होती. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून शर्ली यांचे बंधू मॅक्स क्रॅबट्री यांच्या हाती कुस्त्या जुळवण्याची सूत्रं आली, आणि सगळा डोलारा या एका पोटावर उभा राहिला. मुलं आणि आज्या खूश होत्या. डाव बघायला बसणारे हळूहळू उठून गेले.

आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. आजोबांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, “जाऊ द्या हो, हे सगळं आधी ठरवलेलंच असायचं.”

ते काही बोलले नाहीत. गिरणीवाल्या आजींनी मात्र ऐकलं (नको तेव्हा त्यांना बरोबर ऐकू येतं) आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नाताळात पण अशीच मजा घालवतेस का गं पोरांची?”

बाबाजींनी काढलेला डाव

त्या शनिवारी बाबाजी दिवाणखान्यात नव्हतेच. मी त्यांना बोलावलं नव्हतं. ब्रिटिश टीव्ही, ब्रिटिश आठवणी, यात त्यांना काय रस असणार, असं मी गृहीत धरलं. मी, स्वतःच त्या देशाबाहेरून आलेली बाई!

संध्याकाळी त्यांना चहा द्यायला गेले तेव्हा सहज सगळं सांगितलं. ते ताठ बसले. म्हणाले, रात्रपाळीवाले आम्ही आठजण एका घरात राहायचो. शनिवारी सकाळी येऊन झोपायचो, आणि चारला उठायचो ते कुस्तीसाठी. त्या काळी टीव्हीवर इंग्रजी न कळता पूर्ण समजणारा तो एकच कार्यक्रम होता. कोण सज्जन, कोण लबाड, पंचाची पाठ फिरली की कोण काय करतो, हे कळायला भाषा कशाला लागते? घरमालकीण खाली बसायची, हे आठजण जिन्यात. पुढे तिने त्यांना आत बोलावलं. मिक मॅकमॅनस आला की ती आणि हे मिळून त्याला शिव्या घालत, ती इंग्रजीत, हे पंजाबीत. काळ्या केसांचा, काळ्या चड्डीतला तो लंडनकर पंचाच्या नजरेआड सगळं करायचा, आणि कुणी त्याच्या कानाला हात लावला की मात्र कळवळायचा.

मी विचारलं, “पण बाबाजी, नुराच ना ती?” शब्द त्यांना लगेच कळला. तिकडे पंजाबातही हाच शब्द आहे.

“नूरा थी,” ते म्हणाले. “तो धोखा किसको हुआ, बेटा?” मग खिडकीतून बागेकडे बोट दाखवलं. त्या खोट्या बस स्टॉपकडे. “धोखा वो है.”

हे प्रकरण मी लिहायला घेतलं त्याचं कारण ते बोट आहे. आजोबांना आमच्या बाकावर बसवताना खेळ फक्त आम्हाला ठाऊक होता, त्यांना नाही. चारच्या कुस्तीत आखाड्यातल्याला, पंचाला आणि समोरच्या खुर्चीतल्या आजीलाही तो ठाऊक असायचा, आणि तरीही पुढे सरसावून पर्सने पैलवानाला हाणणाऱ्या बायका त्या सभागृहांत होत्याच. जॅकी पॅलो या नावाजलेल्या पैलवानाने १९८५ मध्ये आत्मचरित्रात पडद्यामागचं सगळं उघड केलं, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याच्याशी संबंध तोडले. प्रेक्षक मात्र पुढच्या शनिवारी बसलेच होते. प्रसारण बंद झालं ते या गौप्यस्फोटामुळे नाही. ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ १९८५ मध्ये गुंडाळला गेला, आणि १९८८ च्या अखेरीस आयटीव्हीच्या खेळ विभागाचे प्रमुख ग्रेग डाइक यांनी कुस्तीच बंद केली. वाहिनीला जाहिरातदारांसाठी वेगळा, जास्त पैसेवाला प्रेक्षक हवा होता. गिरणीवाल्या आजींसारखा नको होता.

पुन्हा मांडणी

दुसऱ्या वेळी मी चित्रफितीपासून सुरुवात केली नाही. मेकॅनिक आजोबांच्या मुलीला बोलावून एकच प्रश्न विचारला: शनिवारी चार वाजता घरात काय-काय असायचं? तिने सांगितलं ते लिहून घेतलं. पावणेचारला चहा, कप नव्हे, मग. त्याबरोबर पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरलेला मैद्याचा भाजका पदार्थ, चार तुकडे केलेला. फुटबॉल पूल्सचं कूपन, म्हणजे सामन्यांच्या निकालांवर पैसे लावायचा कागद, आणि आखूड पेन्सिल. पडदे अर्धे ओढलेले, काचेवर ऊन येऊ नये म्हणून. आणि टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा, कारण तिच्या आजीला ऐकू यायचं नाही.

खुर्च्या टीव्हीसमोर रांगेत न लावता तीन बाजूंनी मांडल्या, रिंगभोवती असतात तशा. पोर्क पायसोबत बाबाजींसाठी चीजचे सामोसे. जुन्या छापाचं कूपन मुलीने घरून छापून आणलं.

कुस्ती निवडली जॉनी सेंटची. मँचेस्टरकडचा हलक्या वजनाचा पैलवान. त्याचा एक डाव मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. तो चटईच्या मधोमध गुडघे पोटाशी घेऊन, डोकं आत खुपसून, हात पायांखाली गुंतवून गोळा होऊन बसतो. प्रतिस्पर्धी भोवती फिरतो. खांदा धरतो, सुटतो. पाय शोधतो, सापडत नाही. वाकून खालून बघतो. लोक हसू लागतात. कंटाळून तो हात पुढे करतो, आणि त्याच क्षणी गोळा उलगडतो आणि प्रतिस्पर्धी पाठीवर पडलेला असतो. स्कॉटलंडच्या जॉर्ज किडकडून आलेली ही विद्या. माझे आजोबा हे बघून काय म्हणाले असते, कुणास ठाऊक. वाह म्हणाले असते, असं मला वाटतं, मग लगेच शिवी.

नंतर ब्रॅडफर्डचा लेस केलेट. मार खाऊन झिंगल्यासारखा डुलणारा, आता पडतो मग पडतो असं वाटायला लावणारा. प्रतिस्पर्धी शेवटचा तडाखा द्यायला धावतो आणि हा नेमका त्याच वेळी तोल जाऊन बाजूला होतो. बाबाजी मांडीवर थाप मारून हसले. मेकॅनिक आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि एका घरात दीड वर्ष राहिलेले हे दोघं पहिल्यांदा बोलले. विषय: बार्न्स्लीच्या शाळेत शिकवणारा ब्रायन ग्लोव्हर शनिवारी ‘पॅरिसचा लिऑन अरास’ कसा व्हायचा. पॅरिसच्या माणसाची यॉर्कशरची बोली. आजोबांना मुलीचं नाव रोज आठवत नसे. हे आठवलं.

मधला अपघात

चौथ्या शनिवारी गिरणीवाल्या आजींनी मॅकमॅनसवर काठी उगारली आणि ती शेजारच्या परिचारिकेच्या दंडाला लागली. जखम नाही, पण अपघाताचा फॉर्म भरावा लागला. व्यवस्थापिका म्हणाल्या, बंद करा. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सही त्यांना करावी लागते.

दोन पर्याय होते: आजींना मागे बसवायचं, किंवा मॅकमॅनस दाखवायचाच नाही. दोन्हींत आजींची शिक्षा. शेवटी बाबाजींनी उपाय काढला. आत येताना काठ्या दाराशी ठेवायच्या, आणि प्रत्येकाला गुंडाळलेलं वर्तमानपत्र द्यायचं. त्यानंतर काही मोडलं नाही. एक चष्मा सोडून.

काय साधलं

हिवाळा संपेपर्यंत अकरा शनिवार झाले. त्यांपैकी नऊ शनिवारी मेकॅनिक आजोबा निकाल वाचून होईपर्यंत खुर्चीत बसून होते. मनगट ठोकणं थांबलं नाही, पण आता ते ठोकलं की लोक खुर्च्या मांडायला लागत. दोन शनिवार वाईट गेले. एकदा त्यांना ताप होता, एकदा कारण कळलं नाही. बाबाजी जेवणाच्या टेबलावर येऊन बसू लागले.

मात्र हे कुस्तीमुळेच झालं असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. सुरुवातीच्या चार आठवड्यांच्या नोंदी मी ठेवल्याच नाहीत. शिवाय एकदम इतकं बदललं होतं, चहाची वेळ, खुर्च्या, सोबत, आवाज, की कशाचा गुण किती हे वेगळं काढता येणार नाही. माझा अंदाज आवाजाचा आहे. एकदा चित्र अडकलं आणि नुसता केंट वॉल्टन यांचा आवाज चालू राहिला. आजोबा रिकाम्या पडद्याकडे पाहत दहा मिनिटं निवांत पोर्क पाय खात होते.

वेगळं काय करता आलं असतं

फॉर्मवरचा प्रश्न बदलायला हवा होता, आणि तो आम्ही आता बदलला आहे. ‘आवडीनिवडी’ऐवजी ‘शनिवारी दुपारी घरात काय चालायचं?’ मुलीला पहिल्याच आठवड्यात फोन करायला हवा होता. फोनला दोन मिनिटं लागली असती. आम्ही तीन शनिवार थंडीत घालवले.

बाबाजींना वगळलं ही चूक विसरल्याची नव्हती, गृहीत धरल्याची होती. आणि ती जास्त वाईट.

कोण दाखवायचं हेही आधी नीट बघायला हवं होतं. त्या काळात गोऱ्या नसलेल्या पैलवानांना आखाड्यात कधी कधी ‘जंगलातून आलेला’ अशा थाटात उभं केलं जाई. एक अशी फीत मी न पाहता लावली, आणि आमच्या घानाच्या मदतनीस बाईला ती बघत ट्रॉली ढकलावी लागली. तिने काही म्हटलं नाही. मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. तेव्हापासून प्रत्येक फीत मी आधी पूर्ण पाहते.

अजून न घेतलेला निर्णय

केंडो नागासाकी हा बुरखाधारी पैलवान आजोबांचा लाडका. तो कधी बोलायचा नाही. बोलायला त्याचा मॅनेजर. दर शनिवारी आजोबा एकदा तरी विचारतात, “बुरख्याखाली कोण असेल हो?” आणि बाबाजी दर वेळी नवं उत्तर देतात. कधी खाटीक, कधी पाद्री, एकदा तर आमच्या व्यवस्थापिका.

डिसेंबर १९७७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या सिव्हिक हॉलमध्ये त्याने समारंभपूर्वक बुरखा उतरवला, आणि त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. वडिलांच्या ८६ व्या वाढदिवसाला ते दाखवावं असं मुलीचं म्हणणं आहे. तिला आठवतं की त्या वेळी ते टीव्हीसमोर उभे राहिले होते. ज्येष्ठ परिचारिका म्हणते, दाखवा, दुसऱ्या दिवशी विसरतीलच. मला तेच कारण न दाखवण्याचं वाटतं. चेहरा विसरतील, पण विचारायचं काही उरलं नाही एवढंच मनात राहिलं तर?

बाबाजींना विचारलं. ते म्हणाले, ज्याचा वाढदिवस त्याला विचार. पुढच्या शनिवारी, चहा ओतताना विचारणार आहे. त्या पैलवानाचं खरं नाव आता जगजाहीर आहे, पण मी ते इथे लिहीत नाही. आमच्याकडे मराठी वाचणारी आणखी एक परिचारिका आहे, आणि तिच्या पोटात काही राहत नाही.